नोंद झाली, दाढ कधी भरणार?

प्रति,
शाळा व अंगणवाडी आरोग्य तपासणीची आखणी करणारे सर्व अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

माझ्या वर्गातल्या कपाटात एक जुनी फाईल आहे. तिच्यात मुलांच्या संदर्भ चिठ्ठ्या आहेत. तपासणीला डॉक्टर येतात, टॉर्च लावून एकेकाचं तोंड बघतात आणि ज्याच्या दातांत कीड दिसते त्याच्या नावाची चिठ्ठी देतात: पुढील उपचारासाठी रुग्णालयात न्यावे. चिठ्ठी दप्तरात जाते. कधी घरी पोहोचते, कधी नाही. वर्षाच्या शेवटी पुस्तकं परत जमा करून घेताना चार घड्या पडलेल्या त्या चिठ्ठ्या मला पुन्हा सापडतात. काहींवर डाळीचे डाग असतात, काहींच्या मागे पाढे लिहिलेले असतात. मला त्या टाकवत नाहीत.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. नोकरीला २६ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. दातांबद्दल जे काही कळतं ते मुलांबरोबर दवाखान्यात जाऊन, दंतवैद्यांना विचारून आणि मिळेल ते वाचून. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण त्या फाईलमध्ये एकाच मुलीच्या तीन चिठ्ठ्या आहेत.

पहिलीत तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘दंतक्षय’. दुसरीत पुन्हा ‘दंतक्षय’. तिसरीतही तेच. चौथीत तिला चिठ्ठी मिळाली नाही, कारण दाढच राहिली नव्हती. पहिलीत त्या दाढेच्या खाचेत मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता. दुसरीत मधल्या सुट्टीत ती खिचडी खाताना मान एका बाजूला कलती करायची. मी सवय समजले. तिसरीत गणिताच्या तासाला गाल तळहातात दाबून बसायला लागली. विचारलं तर म्हणाली, “बाई, लई ठणकायलीय.” आजीनं लवंग ठेवून दिली होती. दिवाळीनंतर गालफड सुजलं, ताप आला, तेव्हा चुलत्यानं तिला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेलं. पू झाला होता. दाढ काढावी लागली. काढणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या वेळी त्यांच्या हाती दुसरं काही उरलंच नव्हतं.

ती दाढ दुधाची नव्हती. घरच्यांना वाटलं होतं, मला वाटलं होतं, पडेल आणि नवी येईल. नवी येणार नाही. ती मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि उरलेलं सगळं आयुष्य त्या दाढेविना जगणार आहे.

पक्क्या दातांची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. एकही दुधाचा दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे, गुपचूप. वर दोन, खाली दोन. आईबापांना ती आलेली कळतसुद्धा नाही. दात पडला की घरात कौतुक होतं, मूल तो मुठीत धरून शाळेत दाखवायला आणतं. या दाढेच्या वाट्याला तसलं काही येत नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, नव्या दाढेचं कवच अजून पुरतं टणक झालेलं नसतं, आणि लहान मुलाचा ब्रश तिथवर पोहोचत नाही. पहिलीच्या वर्गात बसलेलं प्रत्येक मूल या वयाचं असतं. म्हणजे ज्या वर्षी ही दाढ वाचवणं सगळ्यात सोपं, त्याच वर्षी ते मूल पहिल्यांदा आमच्या हजेरीवर आणि आपल्या तपासणीच्या यादीवर येतं. ही संधी दरवर्षी आपल्या दोघांच्या हातात असते.

ही तपासणी ज्याखाली होते त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो आधी सांगते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तो आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका मुलाच्या हृदयाला छिद्र आहे हे अशाच तपासणीत कळलं आणि शस्त्रक्रिया पैसा न लागता झाली. तो मुलगा आज कबड्डी खेळतो. एवढ्या मोठ्या दुखण्यासाठी गावापासून शहरातल्या शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत वाट बांधता आली. दातांचे विकारही त्याच कार्यक्रमाच्या यादीत आहेत. पण पथकात दंतवैद्य नाही, दात भरायचं साहित्य नाही. म्हणून दाताच्या दुखण्याची वाट चिठ्ठीपाशी संपते.

चिठ्ठी घेऊन लोक जात का नाहीत, असा प्रश्न बैठकांमध्ये विचारला जातो. उत्तर ‘जागरूकतेचा अभाव’ असं लिहिलं जातं. मी या लोकांना ओळखते. आमच्या गावात आणि तांड्यावर बहुतेक घरांत एक तरी कोयता आहे, म्हणजे ऊसतोडीला जाणारं जोडपं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा झाला की गाड्या हलायला लागतात आणि शिमग्यानंतर, पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात. मधले पाच-सहा महिने मूल एक तर आईबापांबरोबर कारखान्याच्या कडेला कोपीत, म्हणजे झोपडीत असतं, नाही तर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. तपासणी डिसेंबरात आली तर ते मूल हजेरीवर आहे पण वर्गात नाही. तपासणी ऑगस्टात आली तर चिठ्ठी मिळते, पण दात एका फेरीत भरून होत नाही. आज तपासणी, पुढच्या आठवड्यात या, खुर्ची बंद आहे, डॉक्टर शिबिराला गेलेत. एक फेरी म्हणजे रोजंदारीचा खाडा, भाडं आणि बरोबर आलेल्या धाकट्याचं खाणं. मूल त्या दिवशी रडत नसतं. न रडणाऱ्या मुलासाठी तीन खाडे करायला कुठल्या मजुराला परवडेल? मूल रडायला लागतं तेव्हा भरण्याची वेळ निघून गेलेली असते.

आणि तिथे पोहोचलंच तर पुष्कळदा ऐकायला मिळतं, “दुधाचाच दात आहे, पडेल आपोआप.” हे वाक्य मी आयांकडून ऐकलं आहे, शिकलेल्या नातेवाइकांकडून ऐकलं आहे, पांढऱ्या कोटातल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

दुधाचे दात २०. पुढचे पटाशीचे दात मूल सहा ते आठ वर्षांचं असताना पडतात, हे खरं. पण मागच्या आठ दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. चार वर्षांच्या पोराच्या दाढेला कीड लागली आणि आपण ‘पडेल’ म्हणून सोडून दिलं, तर पडेपर्यंत सहा ते आठ वर्षं जायची असतात. भाकरी चावायचं सगळं वय त्यात गेलं. दुधाच्या दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, पक्क्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचं असतं आणि आतली नस त्या मानानं मोठी, वरच्या बाजूला सरकलेली. त्यामुळे कीड आत शिरली की नसेपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातालाही इजा पोहोचू शकते. दाढ वेळेआधी काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, आणि पक्का दात येतो तेव्हा त्याला जागा उरत नाही. तो वाकडा येतो, नाही तर आतच अडकतो. दुधाची दाढ आपल्या जागेवर बसून पुढच्या दाताची जागा राखत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगातल्या सुमारे ५१ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड असल्याचा अंदाज दिला आहे. आकडा मोठा आहे, पण मला तो वर्गात बसलेल्या मुलांच्या रूपात दिसतो. रात्री ठणक लागलेलं मूल झोपत नाही. सकाळी वर्गात पेंगतं. आम्ही वहीत शेरा मारतो, ‘लक्ष देत नाही’. असे शेरे मीही मारले आहेत. त्यातल्या किती मुलांची दाढ दुखत होती हे मला आता कधीच कळणार नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आपल्या भाषेतला ‘कीड’ हा शब्दही इथे आडवा येतो. कीड म्हटलं की लोकांना खरोखरची अळी वाटते. आमच्याकडे रिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घेऊन ‘किडे पाडणारे’ अजून आहेत. भांड्यात पडलेलं काहीतरी दाखवतात आणि आईची खात्री पटते. दातात अळी नसते. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात, ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व, कारण प्रत्येक खाण्यानंतर साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहतं. सकाळी कोऱ्या चहात बुडवलेला बिस्कीटचा पाच रुपयांचा पुडा, दहा वाजता गोळी, शाळा सुटल्यावर पुन्हा बिस्कीट, आणि धाकट्याच्या तोंडात झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. कोणत्या आईनं हे दुष्टपणे केलंय? पहाटे चारला फडात जायचं असताना पुडा हातात देण्याइतकीच तिच्याकडे उसंत असते. दात घासायचं म्हटलं तर कित्येक घरांत अजून मशेरी आहे, आणि आजीचं बघून नातवंडाचं बोटही त्याच डबीत जातं. याविषयी वेगळं पत्र लिहावं लागेल.

आता मूळ मुद्दा. दात भरायला यंत्र, वीज, फिरती खुर्ची आणि इंजेक्शन हे सगळं लागतंच, असं मी वर्षानुवर्षं समजत होते. काही वर्षांपूर्वी एका दंत महाविद्यालयाची मुलं शिबिराला आमच्या शाळेत आली, तेव्हा हा समज गेला. लाईट नव्हती. त्यांनी खिडकीपाशी दोन बाकं जोडली, वर सतरंजी टाकली, कपाळाला दिवे बांधले. मूल आडवं, डोकं डॉक्टरांच्या मांडीपाशी. मी पायाशी बसून एकेकाचा हात धरत होते. त्यांनी चमच्यासारख्या छोट्या हत्यारानं दाढेतला मऊ, ओला झालेला भाग खरवडून काढला. कापसाच्या सुरळ्या ठेवून जागा कोरडी केली. काचेच्या तुकड्यावर पावडर आणि द्रव कालवून सिमेंट केलं, खळग्यात भरलं आणि बोटाला व्हॅसलिन लावून वरून दाबून धरलं. काही मिनिटांत ते घट्ट झालं. तासभर काही खायचं नाही, एवढंच पथ्य. घरघर नाही, सुई नाही. दुसरीतला एक मुलगा उठून बसला आणि त्यानं विचारलं, “झालं?”

त्या सिमेंटचं नाव ग्लास आयोनोमर. ब्रिटनमधल्या ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते शोधलं, १९७० च्या आसपास. ते दाताला रासायनिक रीतीनं चिकटतं आणि हळूहळू दाताचं कवच बळकट करणारं फ्लोराइड सोडत राहतं. नुसत्या हत्यारांनी दात साफ करून भरण्याची ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली, कारण तिथल्या खेड्यांतही आमच्यासारखीच वीज नव्हती. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य दिनाचा विषय मौखिक आरोग्य होता, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत उचलून धरली. २०२१ मध्ये त्याच संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर सिमेंट, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि फ्लोराइडची टूथपेस्ट या तिन्हींचा समावेश केला. म्हणजे मी काही नवलाईची गोष्ट मागत नाही. ज्या यादीत तापाच्या गोळ्या आहेत, त्याच यादीत हे सिमेंट आहे.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते एका गोष्टीचं: सगळी कीड खरवडून काढावीच लागते असं नाही. नसेजवळचा भाग तसाच ठेवून वरून घट्ट बंद केलं की आतल्या जिवाणूंचं अन्न तुटतं आणि कीड थांबते. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य मुलांच्या किडक्या दुधाच्या दाढांवर सुई न टोचता, यंत्र न लावता स्टीलची टोपी बसवत असत. त्यांची पद्धत आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते. दोन दाढांच्या मधोमध लागलेल्या किडीसाठी ती फार उपयोगी आहे, कारण तिथे हातानं भरलेलं सिमेंट लवकर निघतं. हातानं भरण्याची पद्धत चालते ती मुख्यतः दाढेच्या माथ्यावरच्या खळग्यांसाठी. हे मी लपवत नाही. काही भरणं निघतील, काही मुलांना पुन्हा बसवावं लागेल. आणि ज्या दाढेच्या मुळाशी पू झाला आहे ती वरून बुजवून चालणारच नाही. तिथे आतल्या नसेचे उपचार हवेत किंवा दाढ काढावी लागेल, आणि ते काम रुग्णालयाचं.

सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे तर नुसतं ब्रशच्या टोकानं लावायचं औषध. किडलेल्या जागी लावलं की कीड बहुतेक वेळा थांबते. जपानमध्ये ते १९७० पासून वापरात आहे, आपल्याकडेही मिळतं. फक्त किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाढेला काळा डाग पडला तर कोणी बघत नाही, पण पुढच्या दातांना पडला तर पोर हसताना तोंडावर हात धरेल. म्हणून आईला आधी आरसा घेऊन समजावून सांगावं, तिची परवानगी घ्यावी. आमच्या बायकांना समजावून सांगितलेलं कळतं. न सांगता केलेलं मात्र त्या विसरत नाहीत.

शाळेत दात भरणं ही कल्पना तरी कुठे नवी आहे? न्यूझीलंडनं १९२१ मध्ये शाळांसाठी दंत परिचारिका शिकवून तयार करायला सुरुवात केली. दोन वर्षांचं शिक्षण घेतलेल्या या स्त्रिया शाळेच्या आवारातल्या छोट्या दवाखान्यात मुलांचे दात भरत. त्या काळच्या यंत्रांनी मुलं इतकी घाबरायची की त्यांनी त्या दवाखान्याचं नाव ‘खुनाचं घर’ पाडलं होतं. हेही मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपण उद्या शाळेत आलात आणि पहिल्याच दिवशी मुलांना दुखवलंत, तर दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर असेल. आमच्या मुलांची दंतवैद्याशी पहिली भेट बहुतेकदा दाढ उपटायलाच होते. मग ती भीती पुढे म्हातारपणापर्यंत टिकते. पहिली भेट नुसती तपासणीची, दुसरी औषध लावण्याची आणि तिसरी सिमेंटची झाली, तर मूल स्वतःहून आ करतं. मी ते पाहिलं आहे.

माझी मागणी लहान आहे. तपासणी पथकांबरोबर ठरलेल्या दिवशी एक दंतवैद्य पाठवा. प्रत्येक पथकाला स्वतंत्र देता येत नसेल, तर दोन-तीन पथकांत एक द्या. त्याच्याबरोबर हातानं वापरायच्या हत्यारांचे पुरेसे संच, निर्जंतुक करायची सोय, सिमेंट आणि काळं पाडणारं ते औषध असू द्या. तिथल्या तिथे भरता येतील त्या दाढा भरा, आणि ज्या भरता येत नाहीत तेवढ्याच मुलांना चिठ्ठी द्या. मग चिठ्ठ्या कमी होतील आणि रुग्णालयातल्या दंतवैद्यालाही पुढच्या अवघड कामाला वेळ मिळेल. मनुष्यबळ नाही असं सांगितलं जातं. राज्यात शासकीय आणि खासगी दंत महाविद्यालयं आहेत, दरवर्षी त्यांतून इंटर्न बाहेर पडतात, त्यांना गावांत काम करावंच लागतं. त्यांची शिबिरं रांगोळी काढून, ब्रश वाटून, फोटो काढून संपू नयेत. त्यांना एका तालुक्यातल्या ठरावीक शाळा वाटून द्या आणि सहा महिन्यांनी त्याच शाळेत परत पाठवा, म्हणजे आपण भरलेली दाढ टिकली का हे त्यांनाही बघता येईल. शिकण्यासाठी याहून चांगलं काय असेल?

पहिलीतल्या मुलांच्या सहाव्या वर्षी येणाऱ्या पक्क्या दाढा कीड लागण्याआधीच बघा. त्यांच्या खाचांत सीलंटचा, म्हणजे खाचा बुजवणाऱ्या द्रव्याचा पातळ थर किंवा हेच सिमेंट भरून ठेवता येतं. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या दाढेला पहिलीत एवढंच लागलं असतं.

नोंदीचा नमुनाही बदला, अशी विनंती आहे. ‘दंतक्षय: आहे / नाही’ यातून काहीच कळत नाही. कुठली दाढ, दुधाची की पक्की, भरली का, केव्हा भरली, असे रकाने हवेत. सध्या जिल्ह्याचा अहवाल वर जातो तो किती मुलं तपासली याचा. किती दाढा भरल्या हा आकडा वर मागितला जायला लागला की खाली दाढा भरल्या जातील. सरकारी कामाचा २६ वर्षांचा अनुभव मला एवढं नक्की सांगतो.

आणि वेळ. ऊसतोडीच्या तालुक्यांत हे काम जून ते सप्टेंबर या काळातच व्हायला हवं. त्यानंतर आलात तर ज्या मुलांना सगळ्यात जास्त गरज आहे, ती तुम्हाला भेटणार नाहीत. कारखान्यांच्या परिसरात, कोप्यांच्या वस्तीवर हंगामात एखादी फेरी करता आली तर फारच उत्तम, पण आधी शाळेतलं तरी होऊ द्या.

भरण्यापेक्षा कीड लागूच नये हे बरं, असं आपण म्हणाल. मलाही ते मान्य आहे. आम्ही शिक्षक आमचा वाटा उचलू. मधल्या सुट्टीनंतर हातपंपापाशी रांगेत उभं करून मुलांकडून दात घासून घेऊ. त्यासाठी १००० पीपीएम (दहा लाख भागांत एक हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट आणि ब्रश शाळेला मिळावेत. पेस्ट वाटाण्याएवढी, तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, आणि गिळायची नाही, थुंकायची. एक खबरदारी मात्र हवी. मराठवाड्यात आणि विदर्भात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. अशा गावांत पाण्याची तपासणी बघून मगच पेस्टबाबत सूचना द्याव्यात. शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त साखरेचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. आमच्या फाटकासमोरच्या टपरीवाल्याशी मी स्वतः बोलते आहे. पण ज्या दाढेला भोक पडलं आहे, ते ब्रशनं बुजत नाही. कीड लागू नये यासाठीचे धडे पुढच्या वर्षीच्या मुलांच्या कामी येतील. आज वर्गात गाल धरून बसलेल्या मुलाला सिमेंटच लागेल.

आमच्या शाळेत पूर्वेकडे खिडकी असलेली एक खोली आहे, सकाळी अकरापर्यंत तिच्यात चांगला उजेड असतो. दोन मजबूत बाकं आहेत, सतरंजी आहे, पाणी आहे. पहिली ते चौथीच्या मुलांची यादी मी केली आहे. मला जमेल तसं, कुठली दाढ, किती दिवसांपासून दुखते, मूल कुठल्या बाजूनं खातं, हे प्रत्येकापुढे लिहिलं आहे. मुलांची नावं असल्यामुळे ती इथे देत नाही. आपल्यापैकी कोणी आलं की हातात देईन. पालकांना आदल्या दिवशी निरोप देण्याची, मुलांना न घाबरवता आणून बसवण्याची आणि हात धरून बसण्याची जबाबदारी माझी.

फक्त घटस्थापनेच्या आधी या. त्यानंतर गाड्या भरायला लागतात.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
जिल्हा बीड